आधी पाण्याचा हिशेब, मग वाळू : वाचकांचे प्रश्न

दिवाळीनंतर अमेरिकेत मुलांकडे जाणाऱ्यांचे प्रश्न दरवर्षी येतात, पण यावेळी बरेच जण एकाच गोष्टीबद्दल विचारतायत, आरव्ही (म्हणजे आत झोपायची, स्वयंपाकाची, टॉयलेटची सोय असलेली मोठी गाडी) घेऊन वाळवंटात मुक्कामाला जायचं आणि तिथे वाळूत गाड्या चालवायच्या. म्हणून हा अख्खा कॉलम त्यालाच दिलाय.

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही घोडबंदर रोडला राहतो. मुलगा-सून सॅन डिएगोला असतात, या नोव्हेंबरमध्ये आम्ही दोघं पहिल्यांदाच तिकडे चाललोय. मुलाने आणि त्याच्या मित्राने थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत ग्लॅमिस म्हणून ठिकाण आहे तिथे आरव्ही घेऊन चार दिवस जायचं ठरवलंय, एकूण सहा माणसं. मिस्टर 68 चे आहेत, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, मी 63. मुलगा म्हणतो आई तू फक्त चल, सगळं आहे गाडीत. पण सगळं म्हणजे काय आणि आम्ही तिथे चार दिवस करायचं काय हे कोणी सांगत नाही. जावं का?

उत्तर : काकू, जा, नक्की जा. पण जायच्या आधी मुलाला बसवून काही गोष्टी विचारा कारण अशा ट्रिपचं प्लॅनिंग बहुतेक वेळा गाडी चालवणारी पोरं करतात आणि ती स्वतःपुरता विचार करतात, कुठल्या टेकडीवर जायचं, कुठली मशीन घ्यायची, टायर कुठले. जो माणूस दिवसभर कॅम्पवर बसणार आहे त्याच्यापासून प्लॅन सुरू करायला हवा असं माझं ठाम मत आहे. त्याला सावली, पाणी, टॉयलेट आणि नीट झोप मिळाली की चालवणाऱ्यांचं आपोआप बरं चालतं.

आधी जागा कशी आहे ते सांगते. कॅलिफोर्नियाच्या आग्नेय कोपऱ्यात, मेक्सिकोच्या सीमेला लागून वाळूच्या टेकड्यांचा एक पट्टा आहे, साठ-सत्तर किलोमीटर लांब आणि सरासरी आठ किलोमीटर रुंद, काही टेकड्या 300 फुटांपर्यंत जातात. अल्गोडोन्स ड्यून्स हे त्याचं नाव, सरकारी नाव इम्पीरियल सँड ड्यून्स, आणि तिथली केंद्र सरकारची ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट म्हणजे बीएलएम ही संस्था तो सांभाळते. हायवे 78 या पट्ट्याला मधून कापतो, त्या रस्त्यावर ग्लॅमिस आहे. रस्त्याच्या उत्तरेचा बराच भाग संरक्षित आहे, तिथे गाडी न्यायलाच बंदी, दक्षिणेला चालवायची जागा. सॅन डिएगोहून अडीच-तीन तास लागतात, आरव्ही असेल तर थोडे जास्तच धरा कारण वाटेत आय-8 हायवे 4,000 फुटांवर चढतो आणि मग एकदम समुद्रसपाटीच्या खाली उतरतो, त्या घाटात वारा जोराचा असतो आणि उंच गाड्या हलतात. मुलाला सांगा वाऱ्याचा इशारा असेल तर थांबायचं, घाई करायची नाही.

आता पाणी. तिथे पाणी नाही. नळ नाही, विजेचं कनेक्शन नाही, साधे खड्ड्याचे संडास आहेत आणि बाकी नुसती वाळू. जे न्याल तेच. आरव्हीला तीन टाक्या असतात, एक स्वच्छ पाण्याची, एक अंघोळीच्या-भांड्यांच्या सांडपाण्याची जिला ग्रे म्हणतात आणि एक संडासाची, ती ब्लॅक. मध्यम आरव्हीत स्वच्छ पाण्याची टाकी साधारण दीडशे लिटरच्या आसपास असते, मॉडेलप्रमाणे कमीजास्त. आता आपल्या सवयीने हिशेब करा, घरी बादलीभर पाण्याने अंघोळ केली तरी पंधरा-वीस लिटर जातात, सहा माणसं म्हणजे शंभर-सव्वाशे, म्हणजे पहिल्याच सकाळी टाकी जवळजवळ खलास आणि त्याच वेळी ग्रे टाकी गच्च भरलेली. ती वाळूत ओतता येत नाही, तो गुन्हा आहे, डंप स्टेशनवर जाऊनच रिकामी करावी लागते. म्हणजे स्वच्छ पाणी संपण्याइतकंच घाण पाणी भरून जाणंही ट्रिप अडवू शकतं आणि हे पहिल्यांदा जाणाऱ्यांच्या लक्षातच येत नाही.

म्हणून अंघोळ दिवसाआड, आणि तीही अशी की अंग ओलं करायचं, नळ बंद, साबण लावायचा, परत नळ चालू करून झटपट धुवायचं. रोजच्यासाठी ओले वाइप्स. भांडी आधी कागदाने पुसून घ्यायची मग थोड्या पाण्यात धुवायची, खरकटं सिंकमध्ये सोडायचं नाही. प्यायचं पाणी टाकीतलं धरूच नका, ते वेगळं न्या, माणशी रोज चार लिटर आणि वर एक दिवसाचं जास्तीचं, सहा माणसं चार दिवस म्हणजे सव्वाशे लिटर जवळपास. ऐकायला खूप वाटतं पण तिथली हवा इतकी कोरडी असते की घाम आलेला कळत नाही आणि ठाण्याच्या दमट हवेत वाढलेल्या आपल्या माणसांना घाम नाही म्हणजे तहान नाही असं वाटतं. काकांना बीपीची किंवा पाणी काढणारी गोळी चालू असेल तर किती पाणी प्यायचं ते निघायच्या आधी डॉक्टरांना विचारून घ्या.

काकांच्या गुडघ्यासाठी दोन गोष्टी. आरव्हीची पायरी उंच असते, एक मजबूत स्टूल आणि दाराशी धरायला दांडी आहे ना ते बघायला सांगा. आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर जो पलंग असतो त्यावर शिडीने चढावं लागतं, तो तरुणांना द्या, तुम्ही मागचा मोठा बेड आत्ताच मागून घ्या, तिथे पोचल्यावर संकोच करत बसू नका. टॉयलेट आतच असतं त्यामुळे रात्री बाहेर जायची गरज नाही, ही आरव्हीची तंबूपेक्षा सगळ्यात मोठी सोय.

थँक्सगिव्हिंग म्हणजे नोव्हेंबरचा चौथा गुरुवार, तिथल्या सीझनमधली सगळ्यात जास्त गर्दीची सुट्टी. बीएलएमच्या या जागांचं रिझर्वेशन होत नाही, आधी येईल त्याची जागा. ग्लॅमिसजवळच्या गेको रोडवर डांबरी पॅड आहेत, आरव्ही उभी करायला त्याच चांगल्या, पण सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी पोचलात तर मिळायच्या नाहीत. मुलाला एक-दोन दिवस आधी निघता येत असेल तर बघा, नाहीतर सरळ दुसरा वीकेंड घ्या. मी तर तुमच्यासाठी डिसेंबरचा पहिला आठवडा सुचवेन, हवा तीच आणि गोंगाट कितीतरी कमी. थँक्सगिव्हिंगला रात्री उशिरापर्यंत इंजिनं, जनरेटर, लाइट सगळं चालू असतं, झोप हलकी असेल तर त्रास होतो.

हवा दिवसा छान असते, वीस-पंचवीस डिग्री, रात्री मात्र पाच-दहावर येते. थर्मल, कानटोपी, जाड मोजे न्याच. वारा सुटला की वाळू उडते, तेव्हा आरव्हीचं बाहेरचं छप्पर लगेच गुंडाळायचं, ते मोडलं तर भरपाई भारी पडते. आणि रात्री जनरेटर चालू ठेवून झोपत असतील तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू आहे का हे तुम्ही स्वतः बटण दाबून बघा, मुलांवर सोडू नका. हा विषारी वायू दिसत नाही, वास येत नाही.

चार दिवस काय करायचं म्हणाल तर सकाळ-संध्याकाळ तिथे नुसतं बसणंसुद्धा सुंदर आहे, सावल्या पडल्या की टेकड्यांचे कंगोरे उठून दिसतात. ऑस्बोर्न ओव्हरलुक म्हणून उंच जागा आहे, तिथे गाडीने जाता येतं, सगळा पट्टा दिसतो. एक दिवस कारने दक्षिणेला आय-8 कडे जा, तिथे 1915 मधल्या लाकडी फळ्यांच्या रस्त्याचे अवशेष जपून ठेवलेत, वाळूवरून मोटारी जाव्यात म्हणून फळ्या जोडून रस्ता केला होता, 1926 मध्ये पक्का रस्ता झाल्यावर तो बंद पडला. जवळूनच ऑल-अमेरिकन कॅनॉल जातो, कोलोरॅडो नदीचं पाणी नेणारा, त्याच्या काठावर मात्र उतरू नका, प्रवाह ओढून नेतो. याच पाण्यावर पलीकडे इम्पीरियल व्हॅलीची हिरवीगार शेती आहे, आणि या शेतीत शंभरेक वर्षांपूर्वी पंजाबी शेतकरी येऊन राबले, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांनी मेक्सिकन बायकांशी लग्नं केली, एल सेंट्रोला गुरुद्वारा आहे. काकांना इतिहासाची आवड असेल तर हा भाग बघताना वेळ कसा जातो कळत नाही.

एक सांभाळा, अंधारात कॅम्पपासून लांब चालायला जाऊ नका. कॅम्पच्या 50 फुटांच्या आत ताशी 15 मैल ही मर्यादा आहे पण सगळे पाळतात असं नाही. बॅटरी हातात, अंगात फिक्या रंगाचं जाकीट.

प्रश्न : मी ऐरोलीत आयटी कंपनीत आहे, जानेवारीत एका प्रोजेक्टसाठी लॉस एंजेलिसला महिनाभर जाणार. आम्ही चार मित्र आरव्ही आणि एटीव्ही (वाळूत चालणारी, बाइकसारखं बसून चालवायची चारचाकी) भाड्याने घेऊन वीकेंडला जायचं म्हणतोय. आपलं लायसन्स चालतं का? ग्लॅमिसला जावं की दुसरीकडे? इकडे बाइक चांगली चालवतो, लडाख केलंय.

उत्तर : लायसन्स चालतं, कॅलिफोर्नियात पाहुणा म्हणून आलेल्या 18 वर्षांवरच्या माणसाला स्वतःच्या देशाच्या वैध लायसन्सवर गाडी चालवता येते. तरी इंटरनॅशनल परमिट काढून ठेवच, सारथी पोर्टलवरून अर्ज करता येतो, फी 1,000 रुपये, एक वर्ष चालतं, पासपोर्ट-व्हिसा लागतो. भाड्याने देणारे ते मागतात. तिथे नेहमी भाड्याने मिळणाऱ्या आरव्ही साध्या कारच्या लायसन्सवर चालतात, पण तू उजव्या बाजूने कधी चालवलं नसशील तर आधी दोन दिवस छोटी कार चालव आणि मगच ही पंचवीस-तीस फुटांची गाडी हातात घे.

आरव्हीचा करार पूर्ण वाच. बऱ्याच कंपन्या कच्च्या रस्त्यावर न्यायला मनाई करतात, आणि वाळवंटातल्या अशा ठिकाणी नेणार हे आधी लेखी सांगितलं नाही तर विमा लागू होत नाही. मैलांचे वेगळे पैसे, जनरेटरच्या तासांचे वेगळे, टाक्या रिकाम्या करून दिल्या नाहीत तर दंड. टॉय हॉलर नावाचा प्रकार असतो, मागे गॅरेज आणि रॅम्प, त्यात एटीव्ही चढवून नेतात, पण बरेचसे ट्रकमागे ओढायचे असतात, पहिल्यांदाच जाणाऱ्याने त्या फंदात पडू नये. तुम्ही साधी आरव्ही घ्या आणि एटीव्ही तिथल्या जवळच्या भाड्याच्या दुकानातून घ्या, म्हणजे गाडीचं रजिस्ट्रेशन, स्टिकर, झेंडा हे सगळं त्यांच्याकडून लावून मिळतं.

झेंड्याबद्दल सांगते कारण लोक त्याला शोभेची वस्तू समजतात. प्रत्येक गाडीला जमिनीपासून किमान आठ फूट उंच काठी आणि तिच्यावर 6 बाय 12 इंचाचा झेंडा लागतो. टेकडीच्या पलीकडून कोणी वर येत असेल तर माणूस दिसायच्या आधी झेंडा दिसतो, समोरासमोरची टक्कर त्यानेच टळते.

लडाख केलंस ते छान, पण वाळू वेगळी. रस्त्यावर खड्डा दिसतो, वाळूत टेकडीची दुसरी बाजू दिसतच नाही. वारा मुख्यतः वायव्येकडून येतो त्यामुळे त्या बाजूला चढ सोपा असतो आणि आग्नेयेची बाजू एकदम तुटलेली, सरळ खाली. जोरात चढून माथ्यावरून उडी मारली की पलीकडे कडा असतो नाहीतर कोणीतरी उभं असतं. माथ्याच्या थोडं आधी वेग कमी करायचा, किंचित तिरकं व्हायचं, पलीकडे बघायचं, मग उतरायचं, आणि उतरताना सरळ खाली, आडवं नाही, आडवं गेलं की गाडी कोलांटी खाते. मधेच वाटीसारखे गोल खड्डे असतात, आत गेलं की बाहेर पडायला वेग मिळत नाही. भर दुपारी जाऊ नका, सूर्य डोक्यावर असला की सावली नसते आणि चढ-उतार सगळे सपाट दिसतात. टायरमधली हवा कमी ठेवतात म्हणजे टायर पसरतो आणि रुतत नाही, किती ते दुकानवाला सांगेल, त्याचं ऐक. हेल्मेट आणि गॉगल प्रत्येकाला, जोडीने जायचं, एकट्याने कधीच नाही.

ग्लॅमिस की दुसरीकडे? तुम्ही चौघंही नवखे आहात तर मी ओकोटिलो वेल्सला पाठवेन. अँझा-बोरेगो वाळवंटाच्या शेजारी आहे, 85,000 एकरांहून मोठं, राज्य सरकारचं, प्रवेश आणि कॅम्पिंग फुकट. तिथे नुसत्या वाळूच्या टेकड्या नाहीत, ओहोळांची कोरडी पात्रं आहेत, मातीचे चढ आहेत, मशीनची सवय व्हायला बरं. ग्लॅमिसला 1 ऑक्टोबर ते 15 एप्रिल परमिट लागतं, रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीला एक, एटीव्हीला वेगळं नाही, आणि आधी घेतलं तर स्वस्त पडतं, जागेवर महाग.

प्रवासाचा विमा काढताना एटीव्हीचा अपघात त्यात धरलाय का ते लेखी विचार. बऱ्याच पॉलिसी हे साहसी खेळात टाकून बाहेर ठेवतात आणि तिथलं हॉस्पिटलचं बिल आपल्याला झेपणारं नसतं. हे नीट झालं नाही तर आरव्ही घे, फिर, मुक्काम कर, पण मशीनवर बसू नकोस.

प्रश्न : खारघरहून लिहितेय. बहिणीकडे फिनिक्सला जाणार, तिचे मिस्टर माझ्या 11 वर्षांच्या मुलाला ग्लॅमिसला एटीव्ही चालवायला देतो म्हणतात. देऊ का? मुलगा ऐकतच नाही.

उत्तर : मोठी एटीव्ही अजिबात नाही. त्या गाडीवर कंपनीचंच लेबल असतं, 16 वर्षांखालच्यांनी चालवू नये म्हणून. मुलांच्या वयाप्रमाणे छोट्या एटीव्ही मिळतात, पण कॅलिफोर्नियात 18 खालच्या मुलाकडे सेफ्टी ट्रेनिंगचं सर्टिफिकेट हवं किंवा ज्याच्याकडे ते आहे असा मोठा माणूस सतत देखरेखीला हवा, आणि 14 खाली आईवडील, पालक किंवा त्यांनी परवानगी दिलेल्या मोठ्या माणसाची देखरेख लागतेच. तुझ्या भावोजींकडे सर्टिफिकेट आहे का विचार. मागे बसवून नेतो म्हणाले तरी नाही म्हण, एकट्यासाठी बनवलेल्या एटीव्हीवर दुसऱ्याला बसवणं बेकायदेशीर आहे. शेजारी-शेजारी सीटची युटीव्ही असते तिच्यात नेता येईल, पण पाठ सीटला टेकून, दोन्ही पाय खाली सपाट टेकून, हात हँडलला पोचायला हवा, बेल्ट आणि हेल्मेट लावलेलं. पाय पोचत नसतील तर तो पुढच्या वर्षी बसेल. रडला तर रडू दे गं, यावर मागे हटू नकोस.

प्रश्न : खायला काय न्यावं? (डोंबिवली)

उत्तर : थालीपिठाची भाजणी, पोहे, उपम्याचा रवा भाजून, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, लाडू. भांडी कमी पडतील असंच करा. भारतातून नेत असाल तर विमानतळावर डिक्लेअर करा, ताजी फळं-भाज्या, मांस नको. लोणचं प्लास्टिकच्या डब्यात काढून घ्या, काचेच्या बाटल्यांतली पेयं तिथे चालत नाहीतच आणि बाकी काचही नेऊ नये, फुटलेला तुकडा वाळूत सापडत नाही, कोणाच्या तरी पायात जातो. शेकोटीला खिळे असलेली लाकडी पॅलेट (माल ठेवायची फळ्यांची चौकट) जाळायची नाही, कारण तेच, खिळे वाळूत राहतात. कचरा सगळा परत आणायचा.

प्रश्न : आम्ही वाशीचे, अमेरिका काही जमणार नाही. कॅराव्हॅन घेऊन जैसलमेरला जाता येईल का, आणि तिथे स्वतःची थार वाळूत घालता येईल का? त्याआधी अलिबागकडे बीचवर प्रॅक्टिस करू का?

उत्तर : कॅराव्हॅनने जाता येईल आणि मजा येईल. महाराष्ट्राने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलंय, भाड्याने ड्रायव्हरसकट गाड्या मिळतात. अंतर हजार किलोमीटरच्या वर आहे, अहमदाबाद आणि मग बाडमेरच्या बाजूने, वाटेत दोन मुक्काम धरा कारण कॅराव्हॅन रात्री चालवायची नाही. पहाटे निघा, घोडबंदरचं ट्रॅफिक लागायच्या आत. गाडीची उंची ड्रायव्हरला पाठ हवी, गावातल्या लोंबत्या वायरी आणि झाडांच्या फांद्या हीच खरी अडचण. मुक्काम हॉटेलच्या किंवा ढाब्याच्या आवारात, विचारून, तिथे पाणीही भरता येतं. ऑक्टोबर ते फेब्रुवारी जा.

वाळूत स्वतःची थार घालण्याबद्दल मात्र मला तळमळीने सांगायचंय. वाळूच्या टेकड्यांसाठी लोक जातात ते सम गाव जैसलमेरपासून चाळीसेक किलोमीटरवर आहे आणि त्या भागात डेझर्ट नॅशनल पार्क पसरलाय, 3,162 चौरस किलोमीटर. आपला माळढोक, राजस्थानात ज्याला गोडावण म्हणतात, त्याच्या अगदी शेवटच्या जागांपैकी ही एक. सोलापूरकडे नान्नजला त्याच्यासाठी अभयारण्य केलं, तरी आपल्याकडून तो जवळपास गेलाच. तो जमिनीवर, उघड्यावर अंडी घालतो, आणि ज्या गवताळ पट्ट्यातून जीप पळवायला मोकळं वाटतं तेच त्याचं घर. म्हणून पार्कच्या हद्दीत आणि गवताळ माळावर गाडी अजिबात नाही. वाळूवर फिरायचंच असेल तर कॅम्पवाल्यांच्या ठरलेल्या पट्ट्यात, त्यांच्या गाडीत, त्यांच्या ड्रायव्हरबरोबर. ग्लॅमिसलासुद्धा एका दुर्मीळ रोपट्यासाठी काही भाग गाड्यांना बंद ठेवलेत, तिथले लोक कुरकुरत का होईना पाळतात.

बीचवर प्रॅक्टिस नको. भरतीत गाड्या अडकतात, पोलीस गुन्हा दाखल करतात, आणि ओली वाळू आणि कोरडी वाळू यांचा चालवताना काहीच संबंध नाही.

प्रश्न : ग्लॅमिसला जाताना पासपोर्ट बरोबर ठेवावा का, हरवला तर? (कळवा)

उत्तर : मूळ पासपोर्ट बरोबरच ठेवा. सीमा जवळ असल्याने त्या हायवेंवर बॉर्डर पेट्रोलच्या चौक्या असतात, थांबवून विचारतात. वाळूत फिरताना मात्र तो आरव्हीत बंद कप्प्यात, अंगावर नाही, आणि फोटो मुलाच्या फोनमध्ये. दक्षिणेकडे गेलात तर फोनचं रोमिंग बंद करा, मेक्सिकोचा टॉवर पकडतो आणि बिल येतं. बऱ्याच ठिकाणी रेंजच नसते, म्हणून नकाशा आधीच डाउनलोड करा आणि ब्रॉली गावापर्यंतचा रस्ता कॅम्पमधल्या सगळ्यांना समजावून ठेवा, ग्लॅमिसपासून पश्चिमेला साधारण पंचेचाळीस किलोमीटर, जवळचं हॉस्पिटल, दुकानं, पेट्रोल सगळं तिथे आहे.